शाळा व्यवस्थापन समिती की पालक-शिक्षक संघ? कुठला प्रश्न कुठे विचारायचा

वहीत चिकटवलेल्या चिठ्ठीत कधी 'शाळा व्यवस्थापन समितीसाठी पालक सभा' असं लिहिलेलं असतं, कधी 'पालक-शिक्षक संघाची सभा'. घरात दोन्हींचं भाषांतर एकच होतं: शाळेत मीटिंग आहे, कोण जाणार? मग एका ठिकाणी मुलीच्या हस्ताक्षराची चौकशी होते, दुसऱ्या ठिकाणी गळक्या पत्र्यांची, आणि दोन्हीकडून 'बघू' एवढंच हाती लागतं. प्रश्न चुकीचे नसतात, ते चुकीच्या ठिकाणी विचारलेले असतात.

शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायद्यातून आली. हा कायदा २००९चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिका-महानगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. महाराष्ट्रात सदस्यसंख्या साधारण १२ ते १६ असते. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. म्हणजे सभा बोलावणं आणि इतिवृत्त लिहिणं हे मुख्याध्यापकांचं काम, पण खुर्ची पालकाची. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

कारण पालक-शिक्षक संघात नेमकं उलट असतं. तिथे अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष एक पालक आणि सचिव एक शिक्षक. शाळेतल्या मुलांचे सगळेच पालक संघाचे सदस्य असतात, त्यासाठी निवडून यावं लागत नाही. निवडली जाते ती कार्यकारी समिती. शाळेचा कारभार पाहते ती शाळा व्यवस्थापन समिती. संघाची मूळ कल्पना घर आणि वर्ग यांच्यात बोलणं चालू ठेवण्याची: अभ्यास, सहल, स्नेहसंमेलन, दप्तराचं ओझं, एखादं मूल मागे पडत असेल तर ते.

आता पैशाकडे वळू, कारण खरा फरक तिथेच दिसतो. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मंजूर होतं. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेसाठी १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातला किमान दहा टक्के खर्च स्वच्छतेवर करायचा असतो. हे आकडे मंजुरीचे. प्रत्यक्षात पैसे हप्त्याहप्त्याने आणि उशिरा येतात, हे कुठलेही गुरुजी सांगतील. पण आलेला रुपया कशावर गेला हे पाहणं कायद्यानेच समितीचं काम आहे. बँकेतलं खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालतं. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडाही समितीनेच करायचा. कोणती खोली आधी दुरुस्त करायची, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी कुठून आणायचं, शिक्षक कमी असतील तर किती, हे सगळं त्यात येतं. दुपारच्या जेवणाचा दर्जा आणि स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी मध्यान्ह भोजनाच्या २०१५च्या नियमांनी याच समितीवर टाकली. खिचडीत अळी निघाली, तर संघाच्या सभेची वाट बघण्यात अर्थ नाही.

कागदावर हे भक्कम आहे. गावात मात्र अध्यक्षपदाची निवड पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची रंगीत तालीम होऊन बसते आणि महिला सदस्यांची सही घ्यायला रजिस्टर घरी पाठवलं जातं. समितीची बैठक दर महिन्याला व्हावी ही अपेक्षा. कित्येक ठिकाणी महिन्याला फक्त इतिवृत्त होतं. माझ्या मते याला उपाय फार मोठा नाही. सभेला गेलेल्या एका आईने मागच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्याने वाचायला सांगावं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

शहरातल्या खासगी विनाअनुदानित शाळेत शोध घेतलात तर ही समिती बहुधा सापडणारच नाही, आणि त्यात बेकायदा काही नाही. कलम २१ने विनाअनुदानित शाळांना यातून वगळलं आहे. (अनुदानित शाळांत, अल्पसंख्याक असोत वा नसोत, समिती असते, पण २०१२च्या दुरुस्तीनंतर तिची भूमिका फक्त सल्ला देण्याची.) अशा खासगी शाळांत पालकांच्या हातात जे काही आहे ते संघामार्फतच. तिथे संघ केवळ सहली आणि स्नेहसंमेलनापुरता नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्याने संघाच्या कार्यकारी समितीला थेट फीमध्ये आणलं. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन करायचा. कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून निवडायचे, व्यवस्थापनाच्या मर्जीने नाही. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा, आणि मंजूर झालेली फी दोन वर्षं लागू राहते. म्हणून 'कोणाला व्हायचंय कार्यकारी समितीत?' असा मेसेज आला की तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली हरवू देऊ नका. चिठ्ठीत तुमचं नाव आलं, तर पुढची फी ठरवणाऱ्या टेबलावर तुम्ही असता. पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेल्या मुलांचे पालकही या संघाचे तितकेच सदस्य असतात. त्यांना कुणी तसं सांगत नाही, ही वेगळी गोष्ट.

जिल्हा परिषदेच्या शाळेत संघ आणि समिती अशा दोन्ही पाट्या आता दिसतीलच असं नाही. शाळाशाळांत समित्यांची इतकी गर्दी झाली होती की शिक्षकांचा वेळ इतिवृत्तं लिहिण्यात जायचा. एप्रिल २०२५मध्ये शासनाने त्यांतल्या अनेकांची कामं शाळा व्यवस्थापन समितीकडे वर्ग केली.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप यांपैकी काहीच नाही. उद्या सुट्टी आहे, चित्रकलेची वही आणा, यासाठी तो उत्तम. पण ग्रुपवर 'सगळ्यांना मान्य आहे ना?' असं विचारून पडलेल्या अंगठ्यांना ठरावाची किंमत नाही, मग विषय फीचा असो की शाळेच्या रंगकामाचा. ठराव सभेत होतो आणि वहीत लिहिला जातो.

दाद मागायची वाटही दोघांची निराळी. समितीच्या कक्षेतला प्रश्न शाळेत सुटला नाही, तर आधी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. मुलाच्या शिक्षणहक्काबद्दलची लेखी तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा नगरपालिका-महानगरपालिकेकडे, करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. खासगी शाळेतल्या फीच्या वादासाठी विभागीय शुल्क नियामक समिती आहे. कुठेही गेलात तरी सोबत सभेची सूचना आणि इतिवृत्ताची प्रत ठेवा. ग्रुपवरचे स्क्रीनशॉट त्यांची जागा घेत नाहीत.