सिटिझनशिप इंटरव्ह्यूमागची पार्श्वभूमी : प्रश्न शंभरावर, पण खरा भार ‘कॅरॅक्टर’वर

अमेरिकेत नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूची तारीख आली की आपली मंडळी पहिलं काय करतात तर सिव्हिक्सचे, म्हणजे अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचे आणि इतिहासाचे, प्रश्न पाठ करायला घेतात. गाडीत ऑडिओ लावून, पोळ्या लाटताना, जेवताना, आणि घरात शाळेत जाणारी मुलं असली तर तीच आईबाबांची परीक्षा घेतात, सिनेटर किती, जज किती, घटना कधी लिहिली. मीही दोन महिने हेच केलं. प्रत्यक्षात आत गेल्यावर ऑफिसरबाईंनी सहा प्रश्न विचारले, सहाही बरोबर आले, त्या म्हणाल्या पुरे. एक वाक्य वाचलं, एक लिहिलं, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाकीचा सगळा वेळ गेला तो माझाच फॉर्म मला परत विचारण्यात, हातात लाल पेन, प्रत्येक उत्तरापुढे एक टिक, आणि त्यातले बहुतेक प्रश्न ‘तुम्ही कधीही’ असे सुरू होणारे. कधीही अटक झाली का, कधीही खोटं बोलून काही फायदा घेतला का, कधीही असा गुन्हा केला का ज्यासाठी पकडले गेला नाहीत. तेव्हा मला कळलं की इंटरव्ह्यूचं वजन कुठे आहे, तर आपल्या वागणुकीवर, ज्याला कायदा ‘कॅरॅक्टर’ म्हणतो. मग मागे जाऊन वाचायला लागले, त्यातलं जे सापडलं ते इथे लिहितेय.

सुरुवातीचं सगळं थोडक्यात सांगते कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं. १७९०च्या कायद्यात दोनच वर्षं राहण्याची अट होती, पण माणूस ‘स्वतंत्र आणि गोरा’ हवा आणि चांगल्या वर्तणुकीचा (‘गुड कॅरॅक्टर’) हवा. १७९५ मध्ये दोनाची पाच वर्षं झाली, आणि त्याच वेळी कॅरॅक्टरच्या आधी ‘मॉरल’ हा शब्द आला. मध्ये चार वर्षं चौदा वर्षांची अट होती, ती १८०२ मध्ये परत पाचावर आली. १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांना दार उघडलं. आपल्या बाबतीत १९२३ चा निकाल महत्त्वाचा, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेला एक पंजाबी शीख माणूस, दोनदा नागरिकत्व मिळालेला, त्याला सगळ्यात वरच्या कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, आणि त्यानंतर ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालेलं होतं त्यांच्यातल्या अनेकांचंही काढून घेतलं. त्याला शेवटी १९३६ मध्ये माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्यामुळे मिळालं, बाकी भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं. वंशाची अट पूर्ण गेली ती १९५२ मध्ये. या सगळ्या काळात कॅरॅक्टरची अट कधीच गेली नाही, हे लक्षात ठेवायचं.

इंटरव्ह्यू म्हणून जे आपण ओळखतो त्याची सुरुवात १९०६ ची. त्याआधी देशभरातल्या हजारो छोट्यामोठ्या कोर्टांना नागरिकत्व द्यायचा अधिकार होता, प्रत्येकाचे फॉर्म वेगळे, फी वेगळी, आणि निवडणूक जवळ आली की पक्षांची माणसं नुकत्याच आलेल्या लोकांचे थवेच्या थवे कोर्टात उभे करून मतदार बनवून घ्यायची. हे थांबवायला १९०६ मध्ये कायदा झाला, देशभर एकच फॉर्म आला, इंग्रजी बोलता येणं सक्तीचं झालं (लिहिता-वाचता येणं नाही, ते १९५० मध्ये आलं) आणि कोर्टात जायच्या आधी नागरिकत्वाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचा परीक्षक माणसाला बसवून प्रश्न विचारू लागला. शेवटचा शब्द मात्र जजचाच. शिवाय दोन नागरिक साक्षीदार आणावे लागायचे, जे शपथेवर सांगणार की या माणसाला आम्ही पाच वर्षं ओळखतो आणि त्याची वागणूक चांगली आहे. म्हणजे कॅरॅक्टर ठरायचं ते शेजारी, दुकानदार, सोबत काम करणारा यांच्या तोंडून. हे साक्षीदार १९८१ पर्यंत चालू होते, आपल्यातले जे सत्तरच्या दशकात नागरिक झाले त्यांच्यातल्या कुणाला विचारलंत तर ते साक्षीदार कोण होते ते अजून सांगतील.

आता मूळ घोळ. कायद्यात ‘गुड मॉरल कॅरॅक्टर’ लिहिलंय पण त्याचा अर्थ दीडशे वर्षं कुणीच लिहून ठेवला नव्हता. मराठीत तर याची अजून पंचाईत होते, ‘चारित्र्य’ म्हटलं की आपल्या कानाला बाईपुरुषाच्या संबंधांबद्दलचं काहीतरी ऐकू येतं, आणि नाहीतर पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आठवतो, ज्याचा अर्थ फक्त तुमच्यावर केस नाही एवढाच. अमेरिकन कोर्टांना हे दोन्ही अर्थ आळीपाळीने लावावेसे वाटले आणि त्यातून जे निकाल आले ते वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही, खरंच सांगते.

एक न्यूयॉर्कमधल्या वडिलांचं प्रकरण आहे. पाच मुलं, त्यातला एक १३ वर्षांचा मुलगा जन्मापासून मेंदूला इजा झालेला, आंधळा, मुका, हातपाय वाकडे, सगळं आयुष्य छोट्या पाळण्यात. १२ ऑक्टोबर १९३९ ला या बापाने त्याला क्लोरोफॉर्म देऊन मारलं. ज्युरीने त्याला दोषी ठरवलं पण शक्य तेवढी दया दाखवा अशी शिफारस केली, जजने शिक्षा स्थगित केली, तो तुरुंगात न जाता प्रोबेशनवर राहिला आणि उरलेल्या चार मुलांना वाढवत राहिला. त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला २२ सप्टेंबर १९४४ ला. कायदा म्हणतो अर्जाच्या आधीची पाच वर्षं वर्तन चांगलं हवं. तारखा परत बघा, पाच वर्षं पूर्ण व्हायला वीस दिवस कमी होते! खालच्या कोर्टाने दिलं, सरकारने अपील केलं, आणि १९४७ मध्ये अपील कोर्टाच्या तीनपैकी दोन जजनी नकार दिला. लिहिताना त्यांनी कबूल केलं की आज देशातल्या सामान्य माणसांना या कृत्याबद्दल काय वाटतं हे मोजायचं साधन आमच्याकडे नाही, तरी आम्हाला वाटतं की लोक याला मान्यता देणार नाहीत. आणि त्याच निकालात असंही लिहिलं की तुम्ही आता नव्याने अर्ज करा, ही घटना आता जुनी झाली, ती आड येणार नाही. तिसऱ्या जजचं म्हणणं होतं की लोकांचं मत असं अंदाजाने कशाला धरायचं, केस खाली पाठवा आणि त्याबद्दल पुरावा घ्या. मला स्वतःला तिसऱ्याचं बरोबर वाटतं. बापाने केलं ते बरोबर की चूक हा प्रश्नच वेगळा, पण एखाद्याचं चारित्र्य वीस दिवसांच्या फरकाने वाईटचं चांगलं होत असेल तर आपण मोजतोय काय?

दुसरं प्रकरण त्याच कोर्टाचं, दोनच वर्षांनी, १९४९, आणि निकाल लिहिणारे जजही तेच. जर्मनीतून आलेला कॉलेजात भाषा शिकवणारा अविवाहित माणूस, वय ३९. परीक्षकाने विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की अधूनमधून अविवाहित बायकांशी माझे संबंध आले आहेत, शेवटचे साधारण सहा महिन्यांपूर्वी. बस, खालच्या कोर्टाने नागरिकत्व नाकारलं. अपिलात मिळालं, पण विचार करा, एका सरकारी खोलीत एका परक्या माणसासमोर हात वर करून शपथ घेतलीय आणि असा प्रश्न येतो. खोटं बोललं असतं तर कुणाला कळणार होतं? तो खरं बोलला म्हणूनच अडकला. फॉर्मवरच्या ‘पकडले गेला नाहीत’ वाल्या प्रश्नाशी मी पोचले तेव्हा मला हा माणूस माहीत नव्हता, आता तो प्रश्न वाचला की तोच डोळ्यासमोर येतो.

१९५२ मध्ये शेवटी यादी झाली, कुणाचं कॅरॅक्टर चांगलं धरता येणार नाही त्यांची. कायमचा दारुडा, व्यभिचारी, जुगारावर पोट भरणारा, १८० दिवस किंवा जास्त तुरुंगात काढलेला, खुनी, आणि फायद्यासाठी शपथेवर खोटं बोलणारा. व्यभिचार १९८१ मध्ये यादीतून निघाला, बाकी बरंचसं तसंच आहे. पण यादीच्या शेवटी एक शेपूट जोडलेलं आहे, की यादीत नाही म्हणून कॅरॅक्टर चांगलंच असं समजू नये, इतर कारणांनीही नाकारता येईल. वकील मंडळी यादी समजावून सांगतात आणि शेपटाकडे फार कुणाचं लक्ष जात नाही, खरी मोकळीक ऑफिसरला तिथे मिळते. खोटं बोलण्याचं कलमही जपून वाचावं, कारण इंटरव्ह्यू शपथेवर असतो, म्हणजे जुनी किरकोळ गोष्ट लपवली तर ती गोष्ट नडत नाही पण लपवणं नडतं. मिळालेलं नागरिकत्व काढून घ्यायचं असेल तर मात्र त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्यात वाटा होता हे दाखवावं लागतं, असं २०१७ मध्ये सगळ्यात वरच्या कोर्टाने सांगितलं.

पुढचा मोठा बदल १९९० च्या कायद्याचा, अमलात १९९१ मध्ये. नागरिकत्व द्यायचा अधिकार जजकडून काढून खात्याकडे गेला, कोर्टं उरली शपथविधीपुरती आणि नकारानंतरच्या दादपुरती. कोर्टांमधली गर्दी बघता ते गरजेचं होतं हे मान्य, पण आता समोर बसलेला ऑफिसरच प्रश्न विचारतो, फाईल वाचतो आणि निर्णयही तोच लिहितो. त्याच कायद्याने गंभीर गुन्ह्यांसाठी कॅरॅक्टरवर कायमची बंदी आणली आणि १९९६ मध्ये त्या गुन्ह्यांची व्याख्या खूप रुंद केली. फीसुद्धा याच काळात चढली, ९५ डॉलरची १९९९ मध्ये २२५, २००७ मध्ये ५९५, आणि २०२४ पासून ऑनलाइन ७१० तर कागदावर ७६०.

परीक्षेबद्दल सगळ्यात जास्त चर्चा होते म्हणून तेही सांगून टाकते. १ ऑक्टोबर २००८ पासून देशभर एकसारखी परीक्षा आली, १०० प्रश्न, १० विचारणार, ६ बरोबर हवेत. १ डिसेंबर २०२० ला १२८ प्रश्न, २० पैकी १२ असं झालं, तीनच महिन्यांत ते मागे घेतलं. तेव्हा वाद झाला तो एका उत्तरावरून, सिनेटर कुणाचं प्रतिनिधित्व करतो, आधी उत्तर होतं त्या राज्यातल्या सगळ्या लोकांचं, नव्यात आलं त्या राज्यातल्या नागरिकांचं. जो माणूस अजून नागरिक झालेला नाही त्याच्याकडूनच हे वदवून घ्यायचं. आता २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना तीच धाटणी परत आली आहे, १२८ मधले २० पर्यंत प्रश्न, १२ बरोबर आले किंवा ९ चुकले की थांबतात. ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं झालेल्यांना आधीसारखेच वीसच प्रश्न अभ्यासायचे आणि उत्तरं स्वतःच्या भाषेत द्यायची, आपल्या बऱ्याच आईवडिलांचं यात बसतं.

पण माझ्या मते २०२५ मधली मोठी गोष्ट ही परीक्षा नाहीच. ऑगस्टमध्ये खात्याकडून ऑफिसरांसाठी दोन सूचना आल्या. एक म्हणजे कॅरॅक्टर ठरवताना वाईट काही नाही एवढं बघून थांबायचं नाही, समाजातलं काम, कुटुंबाची काळजी, शिक्षण, टॅक्स असं चांगलं काय आहे तेही बघायचं, आणि बेकायदा नसलं तरी लोकांना न पटणारं वागणंही मोजता येईल, उदाहरण म्हणून वारंवार मोडलेले ट्रॅफिकचे नियम दिलेत. दुसरी म्हणजे शेजारीपाजारी आणि कामाच्या ठिकाणी चौकशी करायचा जो अधिकार १९९१ पासून वापरातच नव्हता तो परत वापरायचा, आणि अर्जदाराने ओळखीच्या लोकांची पत्रं आधीच द्यावीत असं सुचवलंय. १९०६ चे साक्षीदार परत आले असंच मला हे वाटतं, आणि लोकांना काय पटेल हा १९४७ चा अंदाजही, फक्त आता तो अंदाज तीन जजऐवजी एकटा ऑफिसर करणार.

याचा परिणाम आपल्या लोकांत लगेच दिसायला लागलाय. माझ्या एका मैत्रिणीचा इंटरव्ह्यू या सूचनांनंतर झाला, तिला एकच स्पीडिंग तिकीट (गाडी जोरात चालवल्याचा दंड) होतं, २०११ चं, तेही दुसऱ्या राज्यातलं. तिने त्या काउंटीच्या क्लार्कला फोन करून, पैसे भरून, शिक्क्याची प्रत मागवली, सोबत तीन शेजाऱ्यांची पत्रं आणि मुलांच्या शाळेत व्हॉलंटियर केल्याचं पत्र अशी जाड फाईल नेली. ऑफिसरने तिकिटाचा कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, परत दिला आणि पुढचा प्रश्न विचारला. पत्रं मागितलीच नाहीत.