बुजणारा घोडा आणि मैदानावरचे खेळ : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या तबेल्यात घोडा ठेवणारे मालक आणि येथे घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांचे पालक यांनी गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे : रविवारी सकाळी मैदानावर छत्र्या, ताडपत्र्या, पिंपे आणि झेंडे मांडून जे काही चालते, तो सराव असतो की करमणूक? तो सरावच आहे, आणि आमच्या मते नेहमीच्या गोल फेऱ्यांपेक्षा अधिक उपयोगाचा आहे. तो कसा चालतो आणि त्यात आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे या पत्रकात सांगितले आहे.

प्रथम बुजण्याविषयी. पळून जाऊन जीव वाचवणारा हा प्राणी असल्यामुळे अनोळखी वस्तू दिसली की तो आधी उडी घेतो आणि मग पाहतो. याला खोडी किंवा हट्ट समजून चाबूक उगारला, तर त्या वस्तूपाशी खरोखरच काहीतरी वाईट घडते, अशी त्याची खात्री पटते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो, मात्र कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीच्या थेट मागचा थोडा भाग नजरेआड राहतो. उन्हातून अंधारात जाताना त्याच्या डोळ्यांना माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून भर दुपारी तबेल्याच्या दारात थबकणारा घोडा आडमुठेपणा करत नसतो. तांबडा आणि हिरवा हे रंग त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, निळा आणि पिवळा मात्र ओळखता येतात. आमच्या मैदानावरचे सगळे झेंडे पिवळे आणि निळे आहेत ते यामुळेच, कारण हिरवळीवर रोवलेला तांबडा झेंडा मुलांना लांबून दिसला तरी घोड्याला तो जवळ गेल्यावर अचानक फडफडताना जाणवतो.

आमच्याकडील एक घोडी पूर्वी लग्नाच्या वरातीत चालत असे. बँड, फटाक्यांची माळ, समोर नाचणारी मंडळी यांपैकी कशानेही तिचा कान हलत नाही. पण फाटकाजवळच्या गटारावर नवी लोखंडी जाळी बसवली, त्या दिवशी तिने जाळीपासून दहा पावलांवर पाय रोवले आणि जवळजवळ अर्धा तास ती फुरफुरत उभी राहिली. घोडा सरसकट निर्भय होत नाही, एकेका गोष्टीला सरावतो. वारीतल्या रिंगणातले घोडे लाखो माणसांच्या गजरात धावतात, मग आमचाच घोडा प्लास्टिकच्या पिशवीला का घाबरतो, असे एका पालकांनी विचारले होते. माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात आणि पुढे पंढरपूरपर्यंत रोज गर्दी, टाळ-मृदंग आणि पताका यांच्यातूनच जातात, हे लक्षात घेतले तर उत्तर मिळते.

सरावाची पद्धत ताडपत्रीच्या उदाहरणाने सांगतो. पहिल्या दिवशी निळी ताडपत्री घडी करून मैदानाच्या कोपऱ्यात ठेवली जाते आणि घोड्याला हॉल्टर (तोंडात लोखंडी कडी नसलेली मोहरकी) व लांब दोर लावून तिच्यापासून इतक्या अंतरावर उभे केले जाते, की तो कान टवकारून तिकडे पाहील, पण त्याचे पाय स्थिर राहतील. हे अंतर प्रत्येक घोड्याचे वेगळे असते आणि तेच ओळखता येणे हे या कामातले खरे कसब आहे. मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो आहे आणि शेपूट दाबून धरली आहे, असे दिसले तर आपण फार पुढे आलो आहोत, म्हणून दोन पावले मागे घ्यायची. मान खाली आली, त्याने लांब श्वास सोडला, जिभेने ओठ चाटले, की लगेच त्याला वळवून ताडपत्रीपासून दूर न्यायचे. शांत राहिल्यावर सुटका होते, हे त्याला याच क्षणी कळते. तो उधळल्यावर त्याला दूर नेले, तर उधळल्याने सुटका होते, हा धडा तो तितक्याच पक्केपणाने शिकतो. पुढे घडी एकेक करून उलगडते, साईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार, ताडपत्री ओढत पुढे चालतो आणि घोडा तिच्यामागून येतो, कारण आपल्यापासून दूर पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करताना घोड्याची भीती पुष्कळ कमी होते. शेवटी तो स्वतः पाय पुढे टाकून ती हुंगतो आणि खुराने खरवडतो. बहुतेक वेळा यानंतर तो तिच्यावर उभाही राहतो. हे सगळे डाव्या बाजूने पार पडल्यावर उजव्या बाजूने पुन्हा करावे लागते, कारण तीच वस्तू दुसऱ्या बाजूने दिसली की पुष्कळ घोड्यांना ती नवी वाटते.

एका वेळी पंधरा ते वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ हे काम आम्ही करत नाही. घोड्याला खांबाला बांधून त्याच्या अंगावर पिशव्या फडफडवण्याची जी झटपट पद्धत काही ठिकाणी दिसते, ती आमच्या आवारात कोणीही वापरू नये, ही स्पष्ट विनंती आहे. अशा घोड्याची धडपड थांबते खरी, पण गप्प झालेला घोडा शांत झालेला असतोच असे नाही. त्याने फक्त सुटकेची आशा सोडलेली असते, आणि असा घोडा नेमका मूल पाठीवर असताना एखाद्या दिवशी उसळतो.

आवाजाचा सराव वेगळा असतो. गणेशोत्सवाच्या साधारण दोन महिने आधीपासून, चंदी (घोड्यांचे दाणे) खाण्याच्या वेळी, ढोल-ताशांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावले जाते आणि घोडे खाणे न थांबवता खात राहिले, तरच दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवला जातो. मात्र ढोलाचा जमिनीतून येणारा दणका स्पीकरमधून येत नाही, म्हणून पथकाच्या सरावाजवळून, पुरेसे अंतर ठेवून, घोड्यांना हातात धरून फिरवणेही आवश्यक असते. दिवाळीतील फटाक्यांचा सराव आम्ही करत नाही. त्या रात्री घोडे आत ठेवून, भरपूर गवत टाकून आणि दिवा चालू ठेवून साईस तेथेच थांबतो.

आता खेळ. ब्रिटनमधील पोनी क्लबने १९५७ साली प्रिन्स फिलिप यांच्या नावाच्या चषकासाठी मुलांचे सांघिक सामने सुरू केले. ज्यांच्याजवळ साधेच तट्टू आहे, अशा मुलांनाही त्यात भाग घेता यावा, हा त्यामागचा हेतू होता. रांगेत रोवलेल्या खांबांमधून नागमोडी जाणे, एका पिंपातला झेंडा उचलून दुसऱ्या पिंपात टाकणे हे तिथलेच खेळ आम्ही घेतो. पण आम्हाला अधिक प्रिय आहेत ते आपल्याकडच्या शाळांच्या मैदानावरून घोड्याच्या पाठीवर गेलेले खेळ. ‘स्टॅच्यू’मध्ये शिट्टी वाजताच घोडा थांबवून दहा आकडे होईपर्यंत एकही पाऊल हलू द्यायचे नसते. लिंबू-चमच्यात एकाच हाताने लगाम सांभाळावा लागतो, त्यामुळे लगामाला लोंबकळण्याची सवय एका सकाळीत कमी होते. रेनकोटच्या शर्यतीत खुंटीवरचा रेनकोट पाठीवर बसूनच घालायचा आणि पावलाच्या चालीने परत यायचे असते. त्याची सळसळ घोड्याच्या नजरेआडून, स्वाराच्या अंगावरूनच येत असल्याने, हा खेळ ताडपत्रीचा सराव झालेल्या घोड्यांनाच दिला जातो. स्लो सायकलिंगप्रमाणे सगळ्यांत शेवटी पोचणारा जिंकतो, ही शर्यत मुलांना आधी कंटाळवाणी वाटते आणि नंतर तिच्यासाठीच भांडणे होतात. खेळात स्वाराचे लक्ष झेंड्याकडे किंवा लिंबाकडे असते, तो श्वास रोखून घोड्याच्या कानांकडे पाहत बसत नाही, आणि पाठीवरचे माणूस सैल बसले आहे, हे घोड्याला खोगिरातून कळते.

आमच्या हातून झालेली एक चूकही सांगणे योग्य ठरेल. पहिल्या वर्षी एका वाढदिवसासाठी आम्ही कुंपणाला ओळीने फुगे बांधले होते. उन्हाने एक फुटला, दोन घोडे उधळले आणि एका मुलाचे मनगट मोडले. तेव्हापासून मैदानावर फुगे आणले जात नाहीत, नवी वस्तू प्रथम स्वाराशिवाय, जमिनीवरूनच दाखवली जाते, आणि जो घोडा तिच्याजवळून सैल दोरावर जात नाही, तो त्या दिवशीच्या खेळात नसतो. आपण शुल्क भरले आहे म्हणून यात सवलत मिळणार नाही.

स्वारासाठी हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण आणि लहान टाच असलेले बूट अनिवार्य आहेत. घोडा हातात धरणाऱ्याने दोर मुठीभोवती गुंडाळू नये, तर घड्या घालून धरावा, आणि घोड्याच्या समोर नव्हे तर खांद्याशी उभे राहावे, कारण दचकलेला घोडा पुढे झेपावतो तेव्हा समोरचा माणूस त्याला दिसतच नाही, असेही होऊ शकते. आजवर शांत असलेला घोडा अचानक बुजू लागला, तर त्याला सरावाला आणण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून डोळे, दात आणि पाठ तपासून घ्यावी. दुखण्यावर ताडपत्रीचा इलाज चालत नाही. धनुर्वाताची लस वेळेवर दिल्याची नोंद आमच्याकडे असल्याशिवाय बाहेरच्या घोड्याला मैदानावर घेता येत नाही.

खेळ दर रविवारी सकाळी सात वाजता सुरू होतात. सोसाट्याचा वारा असेल, तर त्या दिवशी फक्त खरारा (ब्रशने अंग घासून साफ करणे) आणि दोरावरची चाल होते. घरातली जुनी छत्री, खताची रिकामी पोती किंवा फाटलेली ताडपत्री टाकून देण्याआधी आम्हाला आणून द्यावी. त्यांचा आमच्याकडे नेहमीच तुटवडा असतो, कारण त्यातल्या निम्म्या घोडेच चावून फाडतात.