‘पाकोळी’ कुणाची? रंगीत वटवाघळाच्या नोंदींमागचा घोळ

पुण्याहून मुळशी-ताम्हिणीकडे रंगीत वटवाघूळ शोधायला जाणाऱ्यांचं घोडं आधी नावापाशी अडतं. गावात ‘पाकोळी’ विचारली की काही जण आभाळात भिरभिरणाऱ्या पक्ष्याकडे बोट दाखवतात, तर काही जण तिन्हीसांजेला घरात शिरणाऱ्या वाघळाबद्दल सांगू लागतात. दोघंही बरोबरच. ‘वटवाघूळ’ म्हटलं की वडावर लटकलेल्या फळखाऊ थव्याचा पत्ता मिळतो. जेमतेम ५ ग्रॅमच्या कीटकखाऊ जिवाला हे नाव मोठंच होतं, पण छापील मराठीत तेच रुळलं. त्यामुळे जुन्या टिपणातलं नुसतं ‘पाकोळ्या दिसल्या’ आज कुठल्याच प्रजातीच्या खात्यात टाकता येत नाही. त्यापेक्षा ‘केळीच्या वाळक्या पानातून नारिंगी काही उडालं का?’ असं विचारावं.

शास्त्रात हा प्राणी १७६७पासून आहे, तोही इंडोनेशियातल्या टर्नाते बेटावरून. आपल्याकडे १९११ ते १९२३च्या सस्तन प्राणी सर्वेक्षणाचा भर नमुने जमवण्यावर होता. वाळक्या पानाच्या सुरळीत किंवा सुगरणीच्या जुन्या खोप्यात एकटं-दुकटं बसणारं वाघूळ अशा मोहिमेला सापडणं कठीणच.

पुढे वाघळांच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या हाका टिपणारे अल्ट्रासाउंड डिटेक्टर आले आणि ‘आवाज नाही म्हणजे प्राणी नाही’ असं धरलं जाऊ लागलं. रंगीत वटवाघूळ ज्यात येतं, त्या केरिव्हौला गटाच्या बाबतीत ते चुकीचं आहे. केरिव्हौलांची हाक क्षीण असते आणि १०० किलोहर्ट्झच्या बरीच वर सुरू होते. एवढा उंच आवाज हवेत लगेच विरतो, त्यामुळे मायक्रोफोनपासून काही मीटरवरून गेलेलं वाघूळही निसटतं. त्यात सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपायचे तो वेग) २५६ किलोहर्ट्झ ठेवला, तर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १२८च्या वरचं काही नोंदलंच जात नाही. तो ३८४ किंवा ५०० हवा.

पकडायला लावलेल्या पातळ जाळीचे धागेही यांना कळतात. म्हणून परवानगी घेऊन अरुंद पायवाटेवर हार्प ट्रॅप लावतात: दोन चौकटी, त्यांत सुमारे अडीच सेंटीमीटरवर ताणलेल्या उभ्या नायलॉन तारा, खाली पिशवी. बाजूच्या फटी फांद्यांनी बुजवल्या नाहीत, तर वाघूळ तिथूनच जातं.

ओळखताना रंगावर जाऊ नये. नारिंगी बोटं आणि पंखांचे काळे पडदे मायोटिस फॉर्मोसस या दुसऱ्या वाघळालाही असतात. कॅलिपरने कोपर ते मनगट मोजावं. रंगीत वटवाघळात हे माप साधारण ३१ ते ३९ मिलिमीटर भरतं, त्या दुसऱ्यात ४५च्या पुढे. शिवाय याचे कान नरसाळ्यासारखे असतात.