पिन 13 चा घोळ कुठून आला

मुंबईत डिप्लोमा-इंजिनिअरिंग केलेल्यांची एक अख्खी पिढी 8051 या मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्राम भरून चालवायच्या छोट्या संगणक-चिपवर) शिकली. चिप 1980 ची. पुढे फ्लॅश मेमरीची 89सी51 आली आणि अतिनील दिव्याखाली चिप पुसत बसणं संपलं. त्या चिपवर पी1.0 ला (पोर्ट म्हणजे जोडण्यांचा गट; ही पोर्ट 1 ची पहिली जोडणी) एलईडी जोडायचा म्हणजे चिपच्या पाय क्रमांक 1 ला जोडायचा. पोर्टचं नाव आणि पाय, दोन्ही पाठ व्हायचे.

2005 मध्ये इटलीत डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी मायक्रोकंट्रोलर बसवलेला आर्डुइनो बोर्ड तयार झाला, तेव्हा हे सगळं झाकायचं ठरलं. पोर्टची नावं गेली, बोर्डावर 0 ते 13 असे सुटसुटीत आकडे आले. यावर अजून वाद होतो. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही: आर्डुइनोच्या ऊनो बोर्डावर पिन 13 म्हणजे आतल्या चिपची पीबी5 (पोर्ट बी ची जोडणी 5), मेगा 2560 बोर्डावर पीबी7, तरी एलईडी लुकलुकवणारा प्रोग्राम जसाच्या तसा चालतो. पण बोर्डावर कंसात बारीक अक्षरांत 'पीबी5' छापायला काय हरकत होती?

कारण फटका बसतो तो बोर्ड सोडताना. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ऊनोवरची एटमेगा328पी चिप सुटी आणून ब्रेडबोर्डवर (सोल्डरशिवाय जोडणी करायच्या पाटीवर) बसवली की नवखा मुलगा एलईडी पाय 13 ला लावतो. तो पाय पीडी7, म्हणजे आर्डुइनोची पिन 7. पीबी5 साठी हवा असतो पाय 19. एलईडी पेटत नाही आणि दोष चिपला जातो.

बाकी जोडणी सोपी आहे. पाय 7 आणि 20 ला 5 व्होल्ट, 8 आणि 22 ग्राउंड, 9 आणि 10 मध्ये चिपच्या घड्याळाला ठोके देणारं 16 मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, त्याच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला 22 पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर, पाय 1 वरून 5 व्होल्टला 10 किलोओहम. लाल एलईडीला 330 ओहम पुरतो. साधारण 9 मिलिअँपिअर जातात. चिप घेताना बूटलोडर (चिपमध्ये प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) टाकलेला आहे का, हे काउंटरवरच विचारावं. कोऱ्या चिपमध्ये क्रिस्टलकडे दुर्लक्ष होतं, ती आतल्या घड्याळावर 1 मेगाहर्ट्झने चालते. 16 मेगाहर्ट्झसाठी कंपाइल केलेला प्रोग्राम 'प्रोग्रामर' या उपकरणाने तिच्यात भरला, तर एक सेकंदाचा डिले सोळा सेकंदांचा होतो. आणि नावातला शेवटचा 'पी' नसेल तर चिपची सिग्नेचर (आतला ओळख-क्रमांक) वेगळी निघते, अपलोड एरर देऊन थांबतं.

नंतरच्या बोर्डांनी यातून धडा घेतला असं म्हणवत नाही. ईएसपी8266 या वाय-फाय चिपच्या नोडएमसीयू बोर्डावर डी4 छापलंय, आत ती जीपीआयओ2 (जीपीआयओ म्हणजे चिपचा स्वतःचा पिन-क्रमांक). वर त्यावरचा एलईडी उलटा, लो (0 व्होल्ट) दिलं की पेटतो. ईएसपी32 च्या बऱ्याच बोर्डांवर मात्र थेट जीपीआयओचेच आकडे असतात. 2021 च्या 'रास्पबेरी पाय'च्या पिको बोर्डावर जीपी0 म्हणजे पाय 1, जीपी15 म्हणजे पाय 20, आणि बोर्डावरचा एलईडी ज्या जीपी25 वर आहे ती कडेच्या एकाही पायावर काढलेली नाही.