स्क्रीनची रुंदी की पेटीची? मीडिया क्वेरी आणि कंटेनर क्वेरी

इगतपुरीत धो-धो कोसळत असतो आणि येवल्यात लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. पेपरात मात्र नाशिक जिल्ह्याची सरासरी एकच. सीएसएसमधली, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतली, मीडिया क्वेरी ही 'अमुक असेल तर असं दाखव' अशी अट. तिचं काम असंच, जिल्ह्याच्या आकड्यावर चालणारं. रुंदी विचारली तर ती फक्त स्क्रीनची (नेमकं म्हणजे ब्राउझरच्या खिडकीची) बघते. तुमचं कार्ड, म्हणजे माहितीची चौकट, पानाच्या कुठल्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसलंय, हे तिच्या गावीही नसतं. कंटेनर क्वेरी तालुक्याचा पाऊस मोजते: कार्ड ज्या पेटीत बसलंय, तिचीच रुंदी बघते.

मी कांद्याच्या भावाचं कार्ड करत होतो. लासलगावची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, असे चार आकडे एका ओळीत. पानाच्या मधल्या भागात झकास दिसलं. तेच कार्ड ३०० पिक्सेलच्या साइडबारमध्ये टाकलं आणि आकडे एकमेकांच्या अंगावर चढले. लॅपटॉप १३६६ पिक्सेलचा, त्यामुळे '७६८च्या वर असेल तर एका ओळीत' ही मीडिया क्वेरी इमानदारीत लागू झाली होती. चूक तिची नव्हतीच, मी प्रश्न चुकीचा विचारला होता.

उपाय असा: कार्डाभोवतीच्या पेटीला 'कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ' (म्हणजे हिची रुंदी विचारता येईल) द्यायचं आणि कार्डाचे नियम 'अ‍ॅट-कंटेनर' मध्ये, 'मिन-विड्थ' ४५० पिक्सेल धरून लिहायचे.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो (माझाही घसरला). ज्या घटकाला कंटेनर केलं, त्याला स्वतःची रुंदी विचारून स्वतःलाच बदलता येत नाही, फक्त आतल्यांना बदलता येतं. म्हणून कार्डाबाहेर एक जास्तीचा डिव्ह (नुसती रिकामी पेटी) लागतोच. शिवाय कंटेनरची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरत नाही. ठरली असती तर मजकूर बदलला की रुंदी बदलणार, रुंदी बदलली की पुन्हा मजकूर, असं चक्र थांबलंच नसतं. याचा फटका फ्लेक्समध्ये, म्हणजे घटक ओळीत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीत, बसतो: पेटीला रुंदी किंवा 'फ्लेक्स-ग्रो' (उरलेली जागा व्याप, असा नियम) दिलं नाही, तर ती आक्रसून शून्यावर येते आणि आपण कार्ड गेलं कुठे म्हणून शोधत बसतो.

ब्राउझरची काळजी आता उरलेली नाही. क्रोम १०५ आणि सफारी १६ मध्ये हे २०२२ सालीच आलं, फायरफॉक्स ११० मध्ये फेब्रुवारी २०२३ ला.

पण म्हणून मीडिया क्वेरी मोडीत काढू नका. प्रिंट, डार्क मोड, माउस आहे की बोट, हे तिलाच विचारावं लागतं. साइडबार खाली कधी ढकलायचा, तेही मी तिच्यावरच सोडलंय. टॅबलेटवर तो खाली गेला की त्याची पेटी रुंद होते, आणि कार्डाच्या सीएसएसला हात न लावता चारही आकडे पुन्हा एका ओळीत येतात.