जुन्या स्मार्टवॉचची बॅटरी घरी बदलताना

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला मोबाइलची बॅटरी उभ्याउभ्या बदलून देणारी दुकाने कमी नाहीत. मात्र त्याच काउंटरवर जुने स्मार्टवॉच ठेवले की बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. "काका, उघडून देईन, बॅटरीही टाकीन, पण नंतर आत पाणी गेलं तर माझ्याकडे यायचं नाही," असे नौपाड्यातील एका कारागिराने मला सांगितले आणि या कामातली खरी अडचण त्या एका वाक्यात आली. बॅटरी बदलणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग आहे. उघडलेले घड्याळ पुन्हा नीट बंद करणे हा अवघड भाग आहे. हे काम घरी करावे की नाही, याचा निर्णयही त्यावरूनच घ्यावा, असे मला वाटते.

आधी बॅटरी थकते म्हणजे काय होते, ते पाहू. अशा घड्याळात असते ती लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणि मधे सच्छिद्र प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. चार्जिंग होताना आणि वापर होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, या पडद्यातून इकडून तिकडे जातात. पहिल्याच चार्जिंगच्या वेळी आतील इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचा, थोडा भाग विघटित होऊन ग्राफाइटवर एक अतिसूक्ष्म थर बसतो. तो बसला नाही तर बॅटरी चालणारच नाही. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. बोअरवेलच्या पाण्याने पाइपात क्षार साचत जावेत तसा तो वर्षानुवर्षे जाड होतो, त्यात लिथियम अडकून पडते आणि आयनांची वाट अरुंद होते. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी उष्ण जागी पडून राहिली तर ही झीज अधिक वेगाने होते.

म्हणूनच जुने घड्याळ २५ टक्के चार्जिंग दाखवत असताना अचानक बंद पडते. समजा, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढून १ ओहम झाला आहे आणि जीपीएस सुरू होताना घड्याळ क्षणभर ०.३ अँपिअर प्रवाह खेचते. अशा वेळी बॅटरीच्या आतच ०.३ व्होल्टची घट होते, ३.५ चे ३.२ व्होल्ट उरतात आणि घड्याळातील यंत्रणा बॅटरी संपली असे समजून सारे बंद करते. ऊर्जा शिल्लक असते, परंतु ती हवी तेवढ्या वेगाने बाहेर येत नाही.

झिजण्यापेक्षा फुगणे अधिक गंभीर आहे. इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू तयार होतात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटातून त्यांना बाहेर पडायला वाट नसते. नेरुळ येथील एका स्नेह्यांच्या घड्याळाची काच एका कडेने नख शिरेल इतकी वर आली होती; त्यांना वाटत होते की गोंद सुटला आहे, प्रत्यक्षात मात्र आतील बॅटरीने उशीसारखे पोट काढून काचेला खालून रेटले होते. असे दिसल्यास घड्याळ चार्जिंगला लावणे त्याच क्षणी थांबवावे आणि काच बोटाने दाबून बसवण्याचा मोह टाळावा. फुगलेली बॅटरी नवख्याने घरी काढू नये.

एवढ्याशा बॅटरीत अशी किती ऊर्जा असणार, हा प्रश्न रास्त आहे. ३०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि ३.८५ व्होल्ट यांचा गुणाकार केला तर सुमारे १.१५ वॉट-तास, म्हणजे जवळपास ४,१५० ज्यूल होतात. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी जेमतेम एक अंशाने तापेल. पण टोकदार चिमट्याने बॅटरीतील पडद्याला भोक पडले आणि तीच ऊर्जा पाच-सहा ग्रॅमच्या पाकिटात काही क्षणांत मोकळी झाली, तर तापमान शेकडो अंशांनी वाढते, शिवाय इलेक्ट्रोलाइट स्वतः ज्वलनशील असतो. त्यामुळे उघडण्यापूर्वी घड्याळ आपोआप बंद पडेपर्यंत वापरून बॅटरी उतरवावी, धातूची पाती न वापरता प्लॅस्टिकची पट्टी वापरावी आणि बाजूला कोरड्या वाळूची बादली ठेवावी.

नवी बॅटरी घेताना क्षमतेच्या आकड्याला भुलू नये. अशा पाकीट-बॅटऱ्यांवर अनेकदा सहा अंकी क्रमांक असतो. ४०२०२५ म्हणजे जाडी ४.० मिलिमीटर, रुंदी २० आणि लांबी २५ मिलिमीटर. या आकाराचे घनफळ दोन घन सेंटिमीटर भरते आणि त्यात साधारण २०० एमएएचच्या आसपासच क्षमता मावते. त्यावर कोणी ५०० छापले असेल तर ते केवळ छापलेलेच असते. याहून महत्त्वाचा आकडा पूर्ण चार्जिंगच्या व्होल्टेजचा आहे, कारण काही बॅटऱ्या ४.२ व्होल्टपर्यंत, तर काही ४.३५ किंवा त्याहून अधिक व्होल्टपर्यंत चार्ज करण्यासाठी घडवलेल्या असतात. ४.३५ व्होल्ट देणाऱ्या घड्याळात ४.२ ची बॅटरी बसवणे धोक्याचे आहे. तिसरी वायर दिसली तर ती बहुधा तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते आणि ती मोकळी सोडता येत नाही. मल्टिमीटरवर नवी बॅटरी ३ व्होल्टपेक्षा कमी दाखवत असेल, तर ती दुकानातच परत करावी.

उघडण्याचे तंत्र घड्याळागणिक वेगळे असते. कुठे मागे चार बारीक स्क्रू असतात, कुठे काचच गोंदाने चिकटवलेली असते. कडेला हेअर ड्रायरची ऊब थोडा थोडा वेळ देऊन गोंद मऊ करावा लागतो. हाताला सोसवणार नाही इतके तापवू नये, कारण ८० अंशांच्या पुढे बॅटरीतील ग्राफाइटवरचा तो संरक्षक थरच मोडू लागतो. झाकण सुटले तरी ते झटक्याने उचलू नये, कारण स्क्रीनची किंवा हृदयगती मोजणाऱ्या सेन्सरची कागदासारखी रिबन केबल त्याला आतून जोडलेली असते. जुन्या बॅटरीच्या वायर कापायच्या असतील तर एका वेळी एकच कापून तिच्या टोकाला लगेच टेप लावावी; दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीचे पातेच शॉर्टसर्किट करते.

आता त्या कारागिराच्या वाक्याकडे वळू. घड्याळावरील ५ एटीएम ही खूण ५० मीटर उंचीच्या स्थिर पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबासाठी असते आणि ती कारखान्यात बसवलेल्या अखंड गॅस्केटच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सीलच्या, भरवशावर दिलेली असते. गोंद एकदा सुटला की ती हमी संपते. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून त्याच मॉडेलची कापून मिळणारी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, तर घाम आणि पावसाचे शिंतोडे बहुधा अडतात. पोहणे मात्र विसरावे. युरोपीय महासंघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे असा नियम केला आहे, पण मुख्यतः पाण्याच्या संपर्कात चालण्यासाठी बनवलेल्या उपकरणांना त्यातही सवलत ठेवली आहे. अडचण तिथेही हीच आहे.

ठाणे-नवी मुंबईकरांसाठी यात आणखी एक बाब आहे. घड्याळ बंद करताना बाहेरची हवाही आत कोंडली जाते. जुलैतल्या २८ अंश तापमानाच्या आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे २५ अंश असतो. अशा हवेत बंद केलेले घड्याळ एसी लोकलमध्ये थंड झाले की काचेला आतून धुके धरते आणि ते पुसायला पुन्हा घड्याळ उघडावे लागते. तेच काम तासभर एसी चाललेल्या खोलीत, २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असताना केले, तर दवबिंदू १४ अंशांच्या आसपास येतो आणि हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पावसाळ्यात शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर करावे, हे त्याहून उत्तम.

पहिले चार्जिंग डोळ्यांसमोर, फरशीवर ठेवून करावे. सुरुवातीला टक्केवारी विचित्र उड्या मारते, कारण घड्याळातील मोजणी जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चाललेली असते. एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवले की ती बहुधा जागेवर येते.

काढलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत दाबली जाऊन ती पेटू शकते आणि तिथून तुर्भ्याच्या क्षेपणभूमीपर्यंत गेली तर तिथेही तोच धोका असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून दोन्ही टोकांवर टेप लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावी.