सडलेलं नाही वो, मुरलेलं आहे

भाच्यानं थायलंडहून कापीचा, म्हणजे तिकडच्या मुरवलेल्या जवळ्याच्या वाटणाचा डबा आणला, आमच्या वडगावच्या घरात झाकण उघडलं आणि आतून आईचा आवाज, "कुठलं गटार फुटलंय रे?" आता हीच आई दर पंधरा दिवसांनी बाजारातून जवळा आणून कांद्यावर परतते, आणि कापी होते ती त्याच जवळ्याच्या भाऊबंदांची! आपण नुसता वाळवतो, ते लोक मीठ घालून वाटतात आणि महिनोन्‌महिने मुरवतात.

सगळी गंमत मिठात आहे. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतंय ना, तसंच कुजवणाऱ्या जिवाणूंचं होतं, पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते गप्प बसतात. (जिवाणूंना वापरता येईल असं मोकळं पाणी किती, याचं माप म्हणजे जल-क्रियाशीलता, शुद्ध पाण्याची 1. आणखी मीठ विरघळणारच नाही इतक्या खारट पाण्यात ती 0.75 पर्यंत उतरते, बहुतेक जिवाणूंना 0.9 च्या वर लागते.) पण जवळ्याच्या पोटातली पाचक एन्झाइम्स काय जिवंत नसतात, त्यामुळं ती मिठातसुद्धा हळूहळू काम करत राहतात, म्हणजे मेलेला जवळा स्वतःलाच पचवत बसतो म्हणा की. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, अख्ख्या माळेला जिभेवर फारशी चव नाही, पण ती तुटून त्यातलं ग्लुटामेट नावाचं अमिनो आम्ल सुटं झालं की जीभ लगेच ओळखते. ही चव 1908 मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून शोधली आणि तिला उमामी नाव दिलं.

म्हणून चिमूटभर कापीनं अख्खी आमटी भरल्यासारखी लागते आणि वरचं मीठ कमी घातलं तरी चालतं, हेल्दी म्हणायचं ते एवढ्यापुरतंच. सुपरफूड, प्रोबायोटिक वगैरे फॉरवर्ड सोडून द्या, फोडणीत घातल्यावर कुठले जिवाणू जगतात? आणि मासे खाऊन दूध प्यालं की कोड येतं म्हणणारेही भेटतातच, कोड हा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा घोळ आहे, दुधाचा काय संबंध.

हिशेब मात्र करा. कापीत पाचवा हिस्सा मीठ धरला तरी 5 ग्रॅमच्या चमच्यात 1 ग्रॅम मीठ गेलं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, त्यात आपलं लोणचं, पापड, सांडगी मिरची आहेच. बीपीवाल्यांनी लांबच राहावं. नीट न मुरलेल्या मालात हिस्टामिन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन साठतं, ते शिजवूनही जात नाही, तोंड लाल होऊन अंग खाजायला लागलं तर डबा सरळ फेकायचा.

आमचा डबा सध्या गॅलरीत आहे, तो मात्र फक्त वासामुळं.